‘टेन्शन आहे’ म्हणजे नेमकं कशाचं? ताण मोजायचा कसा

मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी गेली की फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "टेन्शन आहे." अम्मी-अब्बा गृहीत धरतात, परीक्षेचं असणार. दुआ करतात, "नीट अभ्यास कर" म्हणतात आणि फोन ठेवतात. पण टेन्शन नेमकं कशाचं, हे कुणी विचारतच नाही.

ताण मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ताण किती आहे, हा एक. तो कुठून येतोय, हा दुसरा.

पहिल्यासाठी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक प्रश्नावली तयार केली. आज तिची 10 प्रश्नांची आवृत्ती जास्त वापरतात. गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न. ‘कधीच नाही’ला 0, ‘फार वेळा’ला 4. चार प्रश्न चांगल्या अनुभवाबद्दल असल्यामुळे त्यांचे गुण उलटे धरतात. एकूण 0 ते 40. हा झाला थर्मामीटर. ताप किती ते कळतं, मलेरिया की टायफॉईड ते नाही. आणि आकडा मोठा आला म्हणजे मूल आजारी, असंही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा जुना प्रयत्न 1967 चा, होम्स आणि राहे यांचा. त्यांनी आयुष्यातल्या 43 घटनांना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. लग्न तर आनंदाचं! पण आयुष्याची घडी बदलते तिथे ताण येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या यादीत ख्रिसमसलाही 12 गुण आहेत. ईदची खरेदी आणि पाहुणे आठवले की हे लगेच पटतं.

पण विशीतल्या मुलांच्या आयुष्यात अशा मोठ्या घटना कितीशा? म्हणून 1999 मध्ये रॉस, निब्लिंग आणि हेकर्ट यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या 100 विद्यार्थ्यांसमोर 40 कारणांची यादी ठेवली. माणसांशी संबंध, स्वतःच्या सवयी, अभ्यास आणि आजूबाजूची परिस्थिती असे तिचे चार गट होते. सगळ्यात जास्त खुणा झोपेच्या सवयी बदलल्या यावर झाल्या. मग सुट्ट्या, खाण्यापिण्यातला बदल, आणि त्यानंतर कुठे अभ्यासाचा वाढलेला बोजा. मोठ्या संकटांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटी जास्त निघाल्या.

अर्थात ही एका ठिकाणची 100 मुलं. शिवाय झोप उडाली म्हणून ताण आला की ताणामुळे झोप उडाली, हे खूण सांगत नाही. ते मुलालाच विचारावं लागतं.

आणि ती यादी जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. दहावीपर्यंत उर्दू माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून फिजिक्स, ही ओळ त्यात कुठून असणार? शिष्यवृत्तीचे पैसे अजून खात्यात आले नाहीत. नाव ऐकून भाड्याची खोली नाकारली. रोजे आणि सेमिस्टर एकाच महिन्यात. मुलींसाठी आणखी एक ओळ, "शिक्षण पुरे, स्थळ आलंय." शब्दही जपून निवडावे लागतात. ‘ताण’ म्हटल्यावर माझे कितीतरी विद्यार्थी नुसते बघत राहतात. ‘जीव घाबरा होतो का?’ विचारलं की बोलायला लागतात.

कॉलेजात अशी पाहणी करायची तर कागदावर नाव नको, नाहीतर खरं कुणी लिहिणार नाही. घरी करायची तर पाहुण्यांसमोर नको आणि कागद मुलाच्याच हातात द्या. वीसेक ओळी पुरे. गेल्या महिन्यात जे जे घडलं त्यावर खूण, जास्त त्रास झाला त्यावर दोन खुणा. शेवटी चार-पाच ओळी कोऱ्या ठेवा. आपल्याला सुचलंच नव्हतं असं काहीतरी तिथेच लिहिलेलं सापडतं.

कुठे ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर खुणा मोजत बसू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर रात्रंदिवस चालू असते.