आजीच्या ट्रंकेतला रुमाल आणि रशियाची लेस

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये खरेदीला गेलात की पडद्याला किंवा उशीच्या अभ्र्याला लावायची लेस मीटरवर कापून मिळते. दोन मिनिटांचं काम! पण अशीच लेस हाताने विणायला किती दिवस लागत असतील, याचा विचार कधी केलाय?

भिलाई आणि रशियाचं नातं आपल्याला पोलादामुळे माहीत आहे. २ फेब्रुवारी १९५५ला भारत-सोव्हिएत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. सोव्हिएत इंजिनिअर कुटुंबासह इथे राहिले. मैत्रीबाग ही त्याच दोस्तीची खूण. आज मात्र पोलाद बाजूला ठेवू आणि त्या देशातल्या घरांत डोकावू.

लाल धाग्याचा टॉवेल

रशियन खेड्यांत पांढऱ्या लिननच्या लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना लाल धाग्याने भरतकाम करत. नाव टॉवेल, पण काम मानाचं! पाहुणा किंवा नवं जोडपं दारात आलं की या कापडावर गोल पाव आणि मीठ ठेवून स्वागत व्हायचं. घरातल्या देवाच्या तसबिरीवरही असाच टॉवेल सोडलेला असे. नक्षीत पक्षी, झाडं, हात वर केलेली स्त्री आणि शंकरपाळ्यासारखे चौकोन. जुन्या रशियन भाषेत 'लाल' आणि 'सुंदर' यांसाठी एकच शब्द होता, 'क्रास्नी'.

मुली लहानपणापासून हे टॉवेल भरून आपल्या लग्नासाठी साठवत. कशात? 'सुंदूक'मध्ये! हो, आपली संदूकच. आपल्याकडचं रुखवत आठवलं ना?

आणखी एक गंमत. त्यांच्या एका जुन्या टाक्यात नक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. इरकल साडीवरच्या कसुतीतला 'गवंती' टाकाही अगदी तसाच असतो.

वोलोग्दाची जाळी

उत्तर रशियातलं वोलोग्दा शहर लेससाठी प्रसिद्ध आहे. ही लेस क्रोशाच्या सुईने होत नाही. एका गोल, घट्ट लोडावर टोचणीने भोकं पाडलेला नक्षीचा कागद लावतात. धागे गुंडाळलेल्या लाकडी काड्यांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवत, पीळ देत, टाचण्यांभोवती जाळी विणत जातात. काड्यांचा टकटक आवाज सतत चालू. न तुटता वळणं घेत जाणारी जाड पट्टी ही वोलोग्दाची ओळख. २०१०मध्ये तिथे लेसचं स्वतंत्र संग्रहालयही सुरू झालं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो भोकांचा कागद. विणणारी गेली, तरी नक्षी कागदावर राहते.

आणि आपल्याकडे?

माझी आजी क्रोशाचे रुमाल विणायची. ताटावर झाकायचे, टीव्हीवर घालायचे. ती गेल्यावर आम्ही तिची ट्रंक उघडली. एक रुमाल अर्धवट होता, सुई तशीच अडकलेली. पुढे किती साखळ्या, किती खांब, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. तिची नक्षी फक्त तिच्या बोटांत होती.

म्हणून तुम्ही एवढं नक्की करा:

• आई, आजी, मावशी विणत असतील तर त्यांच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. टाके मोठ्याने मोजायला सांगा.
• कोणता रुमाल कुणी, कोणत्या निमित्ताने विणला, ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.
• धुण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडाने रंगीत धागा टिपून बघा. रंग लागला तर ते कापड पाण्यात घालू नका.
• रंग पक्का असेल तर सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा.
• प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. घडी घालत असाल तर अधूनमधून बदला, नाहीतर घडीवरच धागा तुटतो.

आणि हो, सणावाराला एखादा रुमाल बाहेर काढून ताटावर घाला. कुणीतरी नक्की विचारेल, "हा कुणी विणला?" तेव्हा सांगायला तुमच्याकडे नाव असू द्या.