सूत्रातलं बल म्हणजे शिल्लक

उसाच्या हंगामात पैठणच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर धडधडत जात असतो. नववीतल्या मुलाला विचारा, ‘हा सरळ रस्त्यानं ताशी १८ किलोमीटर या एकाच वेगानं चाललाय, तर त्याच्यावरचं एकूण बल किती?’ मुलगा मोठा आकडा शोधायला लागतो. एवढा धूर निघतोय, म्हणजे बल असणारच! उत्तर शून्य आहे.

चाकांमुळे पुढे जेवढा रेटा मिळतो, तेवढाच रस्त्याचा आणि हवेचा विरोध मागे ओढतो. जमा तेवढा खर्च, शिल्लक काही नाही. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ या सूत्रातलं बल म्हणजे ही शिल्लक, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत असंतुलित बल. गती टिकवायला सतत शिल्लक बल लागतं, ही समजूत मुलांचीच आहे असं नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या प्रभावाखाली शहाण्यासुरत्या माणसांनीही ती जवळजवळ दोन हजार वर्षं बाळगली. तिला सुरुंग लावणारा गॅलिलिओ १५६४ साली जन्मला, तेव्हा पैठणात एकनाथ हयात होते. न्यूटननं नियम छापले ते १६८७ मध्ये.

बल शिल्लक राहतं ते ट्रॅक्टर वेग घेताना. ऊस धरून सगळं मिळून २० टन, म्हणजे २०,००० किलोग्रॅम समजू. थांबलेला ट्रॅक्टर २० सेकंदांत ताशी १८ किलोमीटरवर आला. इथं पोरं १८ ला २० नं भागून मोकळी होतात आणि उत्तर १८,००० न्यूटन काढतात. आधी ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे: १८ भागिले ३.६, म्हणजे ५. त्वरण ५ भागिले २०, म्हणजे ०.२५. बल ५,००० न्यूटन. ऊस उतरवून एकूण ६ टन उरले, तर त्याच त्वरणाला १,५०० न्यूटन पुरतात.

याच्या उलट चूकही तेवढीच पक्की. ‘त्वरण शून्य, म्हणजे बलच नाही.’ असं म्हणणाऱ्याला जायकवाडीच्या भिंतीवर न्यावं. भिंत १९७६ पासून जागची हललेली नाही, पण म्हणून नाथसागराचं पाणी तिला ढकलत नाही असं थोडंच आहे? पाण्याखाली १० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ९८,००० न्यूटनचा रेटा असतो. मघाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं अर्धं वजन एका चौरस मीटरवर टेकल्यासारखं! धरणाचं स्वतःचं वजन आणि पायाशी होणारं घर्षण हा रेटा रोखून धरतं. बलं प्रचंड आहेत, शिल्लक तेवढी शून्य आहे.

धरणावर उभं राहिलं की आणखी एक गैरसमज हमखास ऐकू येतो: ‘मागे एवढा समुद्र पसरलाय, त्याचा सगळा भार भिंतीवर येतो.’ जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा आहे खरा, पण स्थिर पाण्याचा दाब ठरतो खोलीवर, पसाऱ्यावर नाही. गावातल्या विहिरीत १० मीटर पाणी असेल, तर तळाशी तिच्या भिंतीलाही दर चौरस मीटरला पाण्याचा तेवढाच रेटा सोसावा लागतो. मला विचाराल तर शाळेच्या सहली इथं फोटोंसाठी न आणता या एका गोष्टीसाठी आणाव्यात.

वजन आणि वस्तुमान यांतला घोळ दुकानातच सुरू होतो. पैठणीचं ‘वजन ६०० ग्रॅम’ असं आपण सांगतो, ते खरं तर वस्तुमान. चंद्रावर नेली तरी पैठणी ६०० ग्रॅमचीच राहील, तिचं वजन मात्र सुमारे ५.९ न्यूटनवरून साधारण १ न्यूटनवर येईल.

खांद्याला हा फरक लवकर कळतो. नाथांच्या वाड्यातला रांजण श्रीखंड्यानं कावडीनं भरला, ही कथा पैठणात कुणाला सांगावी लागत नाही. कावडीत ३० लिटर, म्हणजे ३० किलो पाणी धरू. सपाटीवर संथ चालताना पाण्यासाठी खांद्याला सरासरी २९४ न्यूटन बल द्यावं लागतं. उठताना पाणी १ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणानं वर आलं, तर ३२४ न्यूटन. रांजणापाशी कावड उतरवायला तो वाकू लागला की पहिल्या क्षणी, त्वरण तेवढंच पण खालच्या दिशेनं असेल तर, २६४. पाणी मात्र तेच ३० लिटर.