औषधालाही माप असते

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आक्का आमच्या ओट्यावर आल्या. त्यांची सून दोन महिन्यांची बाळंतीण. आक्कांनी पिशवीतून गोळ्यांची तीन पाकिटे काढली आणि म्हणाल्या, "गुरुजी, सुनंला लई अशक्तपणा आलाय. ह्या समद्या रोज दोन-दोन दिल्या तर लवकर ताकद येईल न्हवं?"

आम्ही डॉक्टर नाही. पण पाकिटावरचे इंग्रजी वाचता येते. वाचता वाचता तिसऱ्या पाकिटापाशी थांबलो. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. सून ती तीन दिवस रोज घेत होती! आम्ही तिला तसेच डॉक्टरांकडे धाडले. वेळेवर कळले, म्हणून निभावले.

ही गोष्ट साऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. म्हणून त्या तीन गोळ्यांची माहिती इथे देत आहोत.

पहिली लाल गोळी. ही रक्त वाढवणारी. हिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. बाळंतपणानंतर ही रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. मळमळले तर जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळे होते. त्याला भ्यायचे कारण नाही. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टर दोन गोळ्या सांगतात. पण ते त्यांनी तपासून सांगायचे, आपण ठरवायचे नाही.

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडचा शोध आपल्या मुंबईपासून सुरू झाला. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. तिथल्या गरीब कष्टकरी बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. कित्येकी दगावत. त्यांत गिरणीत राबणाऱ्या बायाही होत्या. हा दोष खाण्यातल्या उणिवेचा, हे विल्सबाईंनी ओळखले. पाव फुगवतात त्या खमिराचा अर्क दिल्यावर त्या बाया सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली जगाला सांगितले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले. म्हणून गोळी घेतली तरी मेथी, शेपू, चुका, अंबाडी ताटातून काढू नका. बाळंतिणीला पालेभाजी बाधते, असे म्हणून तिला उपाशी ठेवू नका.

दुसरी गोळी कॅल्शियमची. ही हाडांसाठी. दुधावाटे आईच्या अंगातले कॅल्शियम बाळाला जाते. ते या गोळीने भरून निघते. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व असते. सकाळच्या जेवणानंतर एक आणि रात्रीच्या जेवणानंतर एक, अशा सहा महिने घ्यायच्या. लाल गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नये. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही.

तिसरी गोळी नुसत्या ड जीवनसत्त्वाची. आक्कांची सून चुकली ती इथेच. कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून रोज ५०० युनिट मिळतात. या एका गोळीत ६०,००० युनिट असतात. हिशेब करा. चार महिन्यांचे ड जीवनसत्त्व एका घासात! म्हणून ती आठवड्याला एक, आणि डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते.

जास्तीचे क जीवनसत्त्व बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ड आणि अ यांचे तसे नाही. ती अंगात साठून राहतात. ड फार झाले तर तहान लागते, उलट्या होतात, शौचाला साफ होत नाही, मूत्रपिंडे बिघडतात. दुधावाटे बाळालाही त्रास पोचू शकतो. अ जीवनसत्त्वाचा जादा डोस आईने आपल्या मनाने कधी घेऊ नये. तो बाळाला नऊ महिने पुरे झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर नर्सबाई देतात.

पोतेभर खत एकाच सरीत ओतले तर ऊस वाढत नाही, जळतो. औषधाचेही तसेच आहे.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते. ती चालू असताना दुकानातले टॉनिक आणले तर नर्सबाईंना आधी दाखवा. दोन्हींत एकच औषध असू शकते.

दोन. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

तीन. गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोळी मुलांना खाऊ वाटते. पुष्कळ खाल्ल्या तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. मूल बरे दिसले तरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट घेऊन दवाखाना गाठा.

चार. पाकिटावरचे अक्षर बहुधा इंग्रजी असते. म्हणून औषध घेताना आशाताईंकडून किंवा दुकानदाराकडून त्यावर मराठीत लिहून घ्या: "रोज एक" की "आठवड्याला एक".

आक्कांची सून आता आपली पाकिटे आपणच वाचते. तिने त्यांवर तसे लिहून घेतले आहे. तुम्हांलाही आता वाचता येते. गोळी तोंडात घालण्याआधी पाकीट वाचा.