निरोप समारंभाचे मोल

फेब्रुवारी सरत आला की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत निरोप समारंभांचे दिवस सुरू होतात. धाकट्या वर्गांनी जमविलेली वर्गणी, फळ्यावर रंगीत खडूंनी रेखाटलेली अक्षरे, आईची साडी नेसून अवघडलेल्या मुली, प्राचार्यांचे लांबलेले भाषण आणि शेवटी बटाटेवडा व चहा, एवढाच त्याचा सरंजाम. पदवीदानाच्या दिमाखापुढे, तेथील झग्यांपुढे आणि मिरवणुकीपुढे, तो अगदीच किरकोळ वाटतो. तथापि विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने निरोप कोणत्या सोहळ्यात मिळतो, असा प्रश्न केला तर कौल या किरकोळ सोहळ्याच्याच बाजूने द्यावा लागेल.

प्राचीन समावर्तन संस्कारात अध्ययन संपताच शिष्य स्नान करी, गुरुदक्षिणा देई आणि आचार्यांची अनुज्ञा घेऊन घरी परते. 'स्नातक' हा शब्द त्या स्नानातूनच आला. गुरुगृहाचे दार मोजक्यांनाच उघडे होते हे विसरता येत नाही. पण विद्या संपणे आणि निरोप मिळणे यांत तेथे अंतर नव्हते.

मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेतून १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चार: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. आज त्याच विद्यापीठाच्या एका वर्षाच्या पदव्या लाखाच्या घरात जातात. परीक्षा, निकाल आणि पदवीदान यांमध्ये महिनेच्या महिने लोटतात. तोवर मुलगा कुठे तरी नोकरीला चिकटलेला असतो. त्याला रजा मिळत नाही. मग केव्हा तरी कार्यालयाच्या खिडकीशी सही करून तो प्रमाणपत्र घेतो आणि गुंडाळी काखेत मारून बसथांब्याकडे वळतो.

शिवाय पदवीदानाला येतात ते केवळ उत्तीर्ण झालेले. निरोप समारंभात अद्याप कोणाचाच निकाल लागलेला नसतो. ज्याचे दोन विषय राहिले आहेत आणि जो ते बहुधा कधीच सोडविणार नाही, तोही त्याच बाकावर, त्याच मानाने बसतो. महाविद्यालयाकडून त्याच्या वाट्याला येणारा सन्मान तेवढाच.

म्हणूनच या सोहळ्याला जडू लागलेला खर्च अधिक खटकतो. आता सभागृहाऐवजी हॉटेल लागते, सर्वांना एकसारखा पोशाख लागतो, छायाचित्रकार लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जे सर्वांचे होते त्याला प्रवेशमूल्य लागले आहे. ज्या मुलीला ते परवडत नाही ती तसे बोलत नाही. त्या दिवशी गावी जायचे आहे, एवढेच सांगते. महाविद्यालयांनी हा समारंभ पुन्हा आपल्या वास्तूत आणावा आणि त्याचा साधा खर्च स्वतः उचलावा. वर्षभराच्या अंदाजपत्रकात ती रक्कम शोधूनही सापडणार नाही.

तोवर काही वर्गप्रतिनिधींनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. वर्गणीच्या वहीत ते नावापुढे रक्कम लिहीत नाहीत, नुसती खूण करतात.