टंचाईतला अक्षय ठेवा

अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला फळ्यावर एक वाक्य लिहावे लागते : माणसाच्या गरजा अमर्याद आहेत आणि त्या भागविण्याची साधने मर्यादित आहेत. पंधरा-वीस वर्षे हे वाक्य लिहीत आलेल्या माणसाला, हलाखीतही कुणी मनापासून आनंदी राहू शकतो या विधानाविषयी संशय वाटावा, हे स्वाभाविकच होय. प्रस्तुत लेखकाला तो वाटत होता. तो डळमळला तो 2021 सालच्या मे महिन्यात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकाची पत्नी गेली. गृहस्थ ख्रिस्ती, मूळचे अहमदनगरकडचे. अंत्यविधीला चार माणसेही जाऊ शकली नव्हती. निर्बंध थोडे सैल झाल्यावर एका रविवारी त्यांना भेटावयास गेलो, तर घरातून पेटीचे सूर ऐकू आले. ते आणि त्यांच्या दोन मुली रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग म्हणत होते. खरे सांगायचे तर मला अवघडल्यासारखे झाले, किंचित रागही आला. घरातले माणूस जाऊन महिना झाला नाही, आणि हे गातात कसे? माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा. म्हणाले, "सर, दुःख गेलेलं नाही. रात्री ते येतंच. पण ते एकटं येत नाही. त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी घरात असतं."

हे समाधान खरे की मनाची समजूत? श्रद्धेच्या बाबतीत असा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटेल. पण ज्याला उत्तर हवे आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. आणि त्याच्या उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावपर्यंत गेले तरी पुरे.

दुष्काळाची कन्या

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. पुढे घरची संपत्ती संपली, तीर्थाटन आणि पुराणकथन हेच उपजीविकेचे साधन उरले आणि 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण उपासमारीने आणि आजाराने गेली. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. 1882 च्या आरंभी पटकीने त्यांचाही अंत झाला. चोविसाव्या वर्षाच्या आत या बाईने आईबाप, भावंडे, पती सारे गमावले. हाती राहिली ती तान्ही मनोरमा.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर फार मोठे वादळ उठले, हे सर्वविदित आहे. परंतु एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्याने आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला हवी असलेली शांती आणि आनंद यांचा लाभ आणखी सुमारे आठ वर्षांनी झाला. म्हणजे धर्मांतर केले आणि दुसऱ्या दिवशी दुःख नाहीसे झाले, असा हा सोपा हिशेब नाही. इतकेच नव्हे, तर ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीही रमाबाईंनी सिद्धांतांवरून वाद घातले. त्यांची श्रद्धा उसनी नव्हती. ती तपासून, घासूनपुसून घेतलेली होती.

1907 साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात त्यांनी आपल्या श्रद्धेला अक्षय ठेवा म्हटले आहे. दुष्काळात घरची शेवटची पुंजी संपताना जिने डोळ्यांनी पाहिली, त्या स्त्रीने हा शब्द निवडावा, याचे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवल वाटल्यावाचून राहत नाही. न संपणाऱ्या संपत्तीची कल्पना आमच्या शास्त्रात नाही.

आनंदाची परीक्षा

तथापि शब्द कुणीही लिहू शकतो. आनंदाची परीक्षा त्याच्यामुळे माणूस काय करतो यावरून व्हावयास हवी. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःच्या घरातली उपासमार त्यांना विसरता येत नव्हती. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतकी माणसे शहरात ठेवण्यास सरकारी मज्जाव झाला, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर आणावे लागले. 1900 च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुलींची भर पडली आणि मुक्तिसदनातील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

या माणसांना तेथे केवळ प्रार्थना शिकविली गेली नाही. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, माग चालले, छापखाना सुरू झाला, अंध स्त्रियांना ब्रेल शिकविण्याची सोय झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, ते अल्पशिक्षित बायकांना वाचता यावे म्हणून. आणि त्याचे खिळे जुळविले ते आश्रमातल्याच स्त्रियांनी. जुलै 1921 मध्ये, सारे काम जिच्या हाती सोपवायचे ती मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या आणि तेवढ्या अवधीतही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल 1924 मध्ये प्रकाशित झाले.

ही गुंगीत असलेल्या माणसाची कामे नव्हेत. धर्माला अफूची उपमा देणाऱ्या मार्क्सने जे पाहिले ते खोटे नव्हते. श्रद्धेच्या नावाने माणसे झोपविली गेली आहेत, आजही जातात. पण अफू माणसाचे हात ढिले करते. येथे हात कामाला लागलेले दिसतात. फरक ओळखण्याची खूण हीच.

रमाबाईंच्या कार्यावरील आक्षेपही नजरेआड करता येत नाहीत. शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही माणसे संकुचित वृत्तीची खचित नव्हती. भुकेल्या मुलीला अन्नाबरोबर धर्म दिला, तर तिची निवड कितपत स्वतंत्र राहते, हा प्रश्न तेव्हा रास्त होता, आजही आहे. मात्र देणाऱ्याच्या पद्धतीविषयीच्या आक्षेपाने तिला स्वतःला लाभलेल्या आनंदाचे खरेपण बाद होत नाही. दोन्ही गोष्टींचा हिशेब वेगळा मांडावयास हवा.

सुख आणि आनंद

ख्रिस्ती धर्मग्रंथात आनंदाविषयीचे सर्वांत आग्रही लेखन कुठे सापडते? पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात; आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. हबक्कूक या संदेष्ट्याने तर पीक बुडालेल्या, गोठा रिकामा पडलेल्या स्थितीचे वर्णन करून त्यानंतर आनंदाची भाषा केली आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ते वर्णन परके वाटू नये. दुसऱ्या बाजूला, लाजराच्या कबरीपाशी येशू रडला, असेही हाच ग्रंथ सांगतो. दुःख नाकारा, असे तो सांगत नाही. सुख परिस्थितीवर अवलंबून असते, म्हणून ते पगाराप्रमाणे कमीजास्त होते. हा आनंद एका सोबतीवर अवलंबून आहे, अशी श्रद्धावंताची धारणा आहे.

मराठी मनाला ही वाट अनोळखी नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा आपलेच आहेत, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे टिळक म्हणत असत. म्हणून तर त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग आणि कीर्तन सोडले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ताटातूट, दारिद्र्य आणि वियोग यांच्या मधून झिरपणारे ते निर्मळ हसू आठवेल. 1919 मध्ये टिळक गेल्यावर अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' याच बाईंनी, शाळेचे शिक्षण नसताना, पुढे नेऊन पूर्ण केले.

दोन पथ्ये

विनाअनुदानित शाळेत पूर्ण वेतनाची वाट पाहणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या खेपेला बसणारे विद्यार्थी, घरातील दुखण्याच्या बिलाने मोडलेले कारकून या लेखाच्या वाचकांत असतील. त्यांना 'श्रद्धा ठेवा, आनंदी राहा' असे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. तो स्वतः ख्रिस्तीही नाही. पण दोन पथ्ये पाळावीत असे वाटते. पहिले, कुणाच्या हक्काच्या भाकरीऐवजी त्याला श्रद्धेचा उपदेश करू नये. रमाबाईंनी आधी विहीर खणली. दुसरे, संकटात कुणी गाताना दिसला, तर तो स्वतःला फसवीत आहे असे घाईने ठरवू नये.

आमच्या त्या लिपिकांविषयी एक गोष्ट मला मागाहून कळली. त्याच मे महिन्यात, स्वतःचे घर सुतकी असताना, त्यांनी कोरोनाने गेलेल्या दोन सहकाऱ्यांच्या कुटुंबांचे सर्व कागदपत्र तयार करून दिले, आणि विलगीकरणात असलेल्या एका शिपायाच्या दारात आठवडाभर जेवणाचा डबा पोहोचविला. याविषयी ते कुणाजवळ बोलले नाहीत.

मर्यादित साधनांचे वाक्य मी यंदाही फळ्यावर लिहिले. ते खोटे नाही. फक्त माणसाजवळची सगळी साधने त्यात मोजली जातात, असे आता मी विद्यार्थ्यांना सांगत नाही.