ब्लूटूथशी संवाद (भाग ६) : ‘ओके’ऐवजी भलतंच उत्तर आलं तर?

मागच्या भागात आपण एचसी-०५ मॉड्यूल आर्डुइनो उनोला जोडून पहिली एटी कमांड पाठवली. सगळं जुळून आलं तर मॉड्यूल ‘ओके’ म्हणतं. प्रत्यक्षात मात्र कधी काहीच येत नाही, कधी स्क्रीनवर अगम्य चिन्हं उमटतात, कधी नुसतं ‘ओ’ येतं, तर कधी ‘एरर:(०)’. अशा वेळी वायरी काढण्याची आणि कोड बदलण्याची घाई होते. ती करू नका. आलेलं उत्तर आधी नीट वाचा, कारण बिघाड कुठे शोधायचा हे तेच सांगतं.

काहीच उत्तर नाही

एचसी-०५च्या दोन अवस्था असतात. डेटा अवस्थेत तुम्ही पाठवलेली एटी कमांडही त्याला साधा मजकूर वाटते. कमांड अवस्थेसाठी की पिनला ३.३ व्होल्ट देऊन मगच वीज सुरू करायची. दिवा साधारण दोन सेकंदांनी संथ लुकलुकला, तर अवस्था बरोबर आहे. भराभर लुकलुकला, तर मॉड्यूल अजून डेटा अवस्थेतच आहे.

दुसरं कारण म्हणजे ओळीचा शेवट. एचसी-०५ला कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, म्हणजे १३ आणि १० हे दोन बाइट लागतात. एचसी-०६ या दुसऱ्या मॉड्यूलला ते लागत नाहीत. पाठवणारा थांबला की कमांड संपली, असं ते समजतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे हे बोर्ड दिसायला सारखेच असतात, म्हणून हातातलं मॉड्यूल नेमकं कोणतं, हे आधी ठरवा.

अगम्य चिन्हं

ही खरं तर चांगली खूण आहे. मॉड्यूल बोलतंय, ते तुमच्यापर्यंत पोचतंय. बहुतेक वेळा फक्त बॉड रेट, म्हणजे बिट पाठवण्याचा वेग, जुळत नसतो. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, तर ३८४००ला २६. चुकीच्या क्षणी मोजलेले बिट चुकीची अक्षरं बनवतात. एचसी-०५ डेटा अवस्थेत सहसा ९६००ला असतं, पण की पिन धरून सुरू केलं की ३८४००ला बोलतं. अनेक जण इथेच अडकतात.

अर्धवट उत्तर

इथे दोष बहुधा आपल्या प्रोग्रॅमचा असतो. ९६०० बॉडला एक बाइट म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट, म्हणजे जेमतेम १.०४ मिलिसेकंद. ‘ओके’ आणि त्यामागचे दोन बाइट यायला चार मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा उनो एका बाइटच्या काळात सोळा हजारांहून जास्त क्लॉक सायकल पार करतो. त्यामुळे पहिला बाइट दिसताच वाचून मोकळा झालेला प्रोग्रॅम फक्त ‘ओ’ उचलतो. उरलेले बाइट पुढच्या कमांडच्या उत्तरात मिसळतात आणि तिथून प्रत्येक उत्तर सरकत जातं.

उपाय असा: कमांड पाठवण्यापूर्वी बफर रिकामा करा. मग लाइन फीड येईपर्यंत किंवा ठरावीक मुदत, समजा एक सेकंद, संपेपर्यंत बाइट गोळा करत राहा. एचसी-०६ उत्तराच्या शेवटी लाइन फीड पाठवत नाही, तिथे मुदत संपणं हाच शेवट. उनोचा बफर ६४ बाइटांचा आहे, म्हणून लांब उत्तर येत असताना डिले घालून बसू नका.

एरर

एरर आला म्हणजे वायरी, वेग, अवस्था सगळं ठीक आहे. ‘एरर:(०)’ म्हणजे कमांड ओळखता आली नाही. अगदी पहिल्याच कमांडला तो आला तर आधीचे भटके बाइट कमांडला चिकटलेले असू शकतात. तीच कमांड पुन्हा पाठवून पाहा. ‘इनिट’ ही कमांड दुसऱ्यांदा दिल्यावर येणारा ‘एरर:(१७)’ सांगतो की ते काम आधीच झालंय. तिथे प्रोग्रॅमने अडून न बसता पुढे जायचं.

न विचारता आलेलं उत्तर

एचएम-१० या ब्लूटूथ मॉड्यूलच्या बाबतीत हा सापळा भेटतो. सूचना चालू असतील तर जोडणी झाल्यावर ते स्वतःहून ‘ओके+कॉन’ आणि तुटल्यावर ‘ओके+लॉस्ट’ पाठवतं. उत्तरात कुठेतरी ‘ओके’ आहे का, एवढंच तपासणारा प्रोग्रॅम जोडणी तुटल्याची बातमी यश म्हणून नोंदवेल. म्हणून पूर्ण ओळ ताडून पाहा, त्याआधी शेवटचे १३ आणि १० काढून टाका.

प्रोग्रॅममध्ये अपेक्षित उत्तर, एरर, मुदत संपली आणि अनोळखी उत्तर अशा चार स्वतंत्र वाटा ठेवा. पुन्हा प्रयत्न करण्याला मर्यादा घाला. अनोळखी उत्तर फेकू नका; त्याचा प्रत्येक बाइट आकड्यात छापा. एचसी-०५चं निरोगी उत्तर ७९, ७५, १३, १० असं दिसतं. या आठवड्यात तुमच्या मॉड्यूलचं उत्तर असं छापून वहीत उतरवून ठेवा; पुढच्या भागात दोन मॉड्यूल एकमेकांशी जोडताना ती नोंद लागेल.