अंगावर पेललेला देश

आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धांमध्ये ‘राष्ट्रीय पोशाख’ नावाची एक फेरी असते. प्रत्येक स्पर्धक आपल्या देशाची ओळख सांगणारा वेश करून मंचावर येते, निवेदक देशाचे नाव पुकारतो, थोडी चाल आणि एखादी गिरकी होते आणि लगेच पुढच्या देशाची पाळी येते. मिस युनिव्हर्स स्पर्धेत ही फेरी साधारणपणे अंतिम सोहळ्याच्या काही दिवस आधी स्वतंत्र कार्यक्रम म्हणून होते आणि तिचा पुरस्कारही मुकुटापासून वेगळा असतो, त्यामुळे सर्वोत्कृष्ट पोशाखाचा मान मिळवणारी स्पर्धक विजेती ठरतेच असे नाही. तरीही आग्नेय आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत या पोशाखावरून वर्तमानपत्रांत वाद झडतात, थायलंडसारख्या देशात त्यासाठी आराखड्यांची खुली स्पर्धा घेतली जाते आणि प्रसंगी सरकारातील मंत्रीही या वादात उतरतात. देशाचे चित्र कोणी रेखाटायचे, त्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे हा एरवी राजकारणात आणि पाठ्यपुस्तकांत लढला जाणारा प्रश्न येथे कापडाच्या रूपाने समोर येतो, म्हणूनच ही फेरी करमणुकीपलीकडे जाऊन अभ्यासण्यासारखी आहे.

मिस युनिव्हर्स स्पर्धेचा जन्म मुळात एका वेगळ्याच पोशाखाच्या व्यापारातून झाला. 1951 ची मिस अमेरिका योलांद बेटबीझ हिने विजयानंतर पोहण्याच्या पोशाखात मिरवण्यास नकार दिला, तेव्हा तसे कपडे बनवणाऱ्या कॅटालिना या प्रायोजक कंपनीने त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे आपली स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. फिनलंडची आर्मी कुसेला तिची पहिली विजेती ठरली, तर भारताच्या वतीने नृत्यांगना इंद्राणी रहमान त्या पहिल्याच वर्षी सहभागी झाल्या होत्या. पोहण्याच्या पोशाखात सर्व देशांच्या तरुणी एकाच मापाने मोजल्या जात असल्यामुळे स्पर्धेला ‘जागतिक’ म्हणवून घ्यायचे तर देशादेशांतला फरक दाखवणारेही काहीतरी हवे होते, आणि ती गरज राष्ट्रीय पोशाखाने भागवली. पुढे अनेक वर्षे सोहळ्याचा प्रारंभच या वेशातील संचलनाने होत असे, ज्यात स्पर्धक आपले आणि आपल्या देशाचे नाव सांगून पुढे सरकत.

परंतु प्रत्येक देशाला एकच एक, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला राष्ट्रीय वेश असतो हे या फेरीचे गृहीतकच तपासून पाहावे लागते. 1960 मध्ये थायलंडचे राजे भूमिबोल युरोप आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा राणी सिरीकित यांना परदेशातील समारंभांत घालण्यासाठी सर्वमान्य असा थाई वेशच उपलब्ध नाही असे आढळले. तेव्हा जुन्या काळच्या राजस्त्रियांच्या वेशभूषेचा अभ्यास करवून घेऊन नव्या वेशांचे आराखडे तयार करण्यात आले आणि पुढे त्यांतूनच आठ प्रकार निश्चित झाले. ‘चित्रलदा’, ‘चक्री’ अशी राजवाड्यातील वास्तूंशी निगडित नावे असलेले हे प्रकार आज थायलंडचा परंपरागत पोशाख म्हणून ओळखले जातात. स्कॉटलंडच्या किल्टबाबतही असेच घडले. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी 1983 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात अशा प्रक्रियेला ‘परंपरेची निर्मिती’ म्हटले आहे, आणि त्याच ग्रंथात इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी आखूड किल्टचे श्रेय अठराव्या शतकातील टॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराला दिले आहे.

भारतीय साडीची कथाही याच वळणाची असून तिचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. भारतीयांतील पहिले आय.सी.एस. अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरीस असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत पाहिली, तीत आपल्या सोयीने बदल केले, साडीखाली परकर आणि अंगात पोलके घालण्याचा प्रघात पाडला आणि ही पद्धत बंगालमध्ये नेली, जेथे ब्राह्मो समाजातील स्त्रियांनी ती उचलल्यामुळे तिला ‘ब्राह्मिका’ असे नाव मिळाले. आज भारतभर रूढ असलेल्या साडी नेसण्याच्या घडणीत या पद्धतीचा मोठा वाटा आहे. साडीचे असे एक सर्वमान्य रूप ‘भारतीय’ ठरल्यावर काष्ट्याची नऊवारी, कोडगू स्त्रियांची मागे निऱ्या घेण्याची तऱ्हा किंवा गुजराती पद्धतीचा समोर येणारा पदर ही सारी रूपे आपोआप ‘प्रादेशिक’ या सदरात जाऊन बसली.

अशा रीतीने आधीच घडवलेला हा वेश स्पर्धेच्या मंचावर गेल्यावर पुन्हा एकदा बदलतो आणि हा बदल मंचाच्या गरजेतून होतो. प्रेक्षक दूर बसलेला, स्पर्धकाच्या वाट्याला मोजके क्षण, आणि परीक्षकांना त्या संस्कृतीची जुजबीच ओळख, अशा स्थितीत पैठणीच्या पदरावरील मोर हातमागाचा की यंत्रमागाचा हे कोणाला दिसणार? दिसतो तो आकार, झळाळी आणि लगेच ओळखू येणारी वस्तू. त्यामुळे गेल्या काही दशकांत शिंपी आणि विणकर यांच्या जोडीला, किंबहुना त्यांच्या जागी, तारेचे सांगाडे, फोमचे साचे आणि पाठीला पट्ट्यांनी बांधायचे पंख तयार करणारे कारागीर आले. 2014 च्या स्पर्धेत इंडोनेशियाच्या एल्विरा देविनामिरा हिला पुरस्कार मिळवून देणारा पोशाख बोरोबुदुर या बौद्ध स्तूपावर बेतलेला होता आणि त्याचे रचनाकार दिनांद फरीझ हे पूर्व जावातील जेंबर शहराच्या प्रसिद्ध वेशभूषा मिरवणुकीचे संस्थापक होते. रस्त्यावरच्या मिरवणुकीचे तंत्र सौंदर्यस्पर्धेत कसे आले याचे हे ठळक उदाहरण होय.

त्यापुढच्याच वर्षी थायलंडच्या अनिपोर्न चालेमबुरानावोंग हिने ‘टुक-टुक’ म्हणजे बँकॉकच्या रस्त्यांवरील तीनचाकी रिक्षाच अंगावर चढवली. पत्र्यासारखी चकाकी असलेला तंग पोशाख, पुढे रिक्षाचे हँडल आणि प्रत्यक्षात पेटणारे दिवे अशा थाटात ती मंचावर आली आणि सर्वोत्कृष्ट पोशाखाचा पुरस्कार घेऊन गेली. 2018 मध्ये व्हिएतनामच्या हेन निए हिने ‘बान्ह मी’ या पावाच्या खाद्यपदार्थावर बेतलेला, लांबट पावांनी भरलेला वेश केला. ही दोन्ही प्रतीके मुळात बाहेरून आलेली आहेत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. टुक-टुकची वंशावळ जपानहून आयात झालेल्या तीनचाकी गाड्यांपर्यंत पोहोचते, तर व्हिएतनाममध्ये हा पाव फ्रेंच वसाहतीच्या काळात आला. परंतु ज्या वस्तूवर रोजचे पोट चालते ती लोक आपली मानतात, आणि राजवाड्यातील रेशमाऐवजी रस्त्यावरची रिक्षा मंचावर आली तेव्हा देशाच्या चित्रात सामान्य माणसाचा शिरकाव झाला, हे या वळणाचे श्रेय मान्य करावे लागते.

चित्रात इतिहास आणला की मात्र तो कोणता आणायचा यावर वाद होतो. 2007 ची स्पर्धा मेक्सिको सिटीत भरणार होती आणि यजमान देशाच्या रोसा मारिया ओखेदा हिच्यासाठी केलेल्या घेरदार घागऱ्यावर 1926 ते 1929 या काळातील क्रिस्तेरो युद्धाची, म्हणजे सरकारच्या चर्चविरोधी कायद्यांविरुद्ध कॅथलिकांनी केलेल्या उठावाची दृश्ये होती. जाडसर सुती कापडावर खांबांना लटकवलेले बंडखोर आणि गोळ्या घालण्यासाठी उभा केलेला माणूस चितारलेला होता, तर कंबरेला काडतुसांचा पट्टा होता. पाहुण्यांपुढे देशाची जखम मांडण्याची ही जागा नव्हे असा गदारोळ उठला आणि अखेर त्यातील फासावरची दृश्ये काढून टाकावी लागली.

दुसरा वाद मालकीचा असतो. 2009 मध्ये पेरूची कारेन श्वार्झ ‘दियाब्लादा’ या सैतानाचे मुखवटे घालून करण्याच्या नृत्याच्या वेशात अवतरली, तेव्हा शेजारच्या बोलिव्हियाने, हे नृत्य आपल्या ओरुरो शहराच्या कार्निव्हलचे वैभव असून ते पेरूचे म्हणून दाखवणे हा सांस्कृतिक वारशावरचा डल्ला आहे, अशी भूमिका घेतली आणि तेथील संस्कृतिमंत्र्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याची भाषा केली. पेरूचे म्हणणे असे की तितिकाका सरोवराच्या दोन्ही काठांवर आयमारा समाजाची वस्ती असून आपल्या पुनो शहरातही हे नृत्य होते. युनेस्कोने ओरुरोच्या कार्निव्हलची 2001 मध्ये आणि पुनोच्या कांदेलारिया उत्सवाची 2014 मध्ये दखल घेतली. लोकांची परंपरा सीमारेषेपेक्षा जुनी असली तरी या फेरीत ती एकाच देशाच्या नावाने पुकारली जाते, हाच या भांडणाचा खरा उगम आहे.

भारताचा या फेरीतील प्रवासही कपड्याकडून प्रतीकाकडे झाला आहे. मुंबईत वाढलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या रीटा फारिया 1966 मध्ये मिस वर्ल्ड झाल्या. त्या स्पर्धेत सायंकालीन पोशाखाचा मान त्यांना साडीसाठी मिळाला होता, म्हणजे घराघरांत नेसले जाणारे वस्त्र तेव्हा पाश्चात्त्य गाऊनच्या बरोबरीने उभे राहू शकले. जानेवारी 2023 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत दिविता राय हिने केलेला वेश ‘सोने की चिडिया’ या कल्पनेवर आधारलेला, सोनेरी पंखांचा होता. प्राचीन भारताच्या समृद्धीबद्दलचा एक वाक्प्रचार तेथे पोशाख झाला होता, आणि तो भारतातील कोणत्याही गावात कोणीही कधी घातलेला नाही.

या पार्श्वभूमीवर मे 2021 मध्ये फ्लोरिडात झालेल्या स्पर्धेतील म्यानमारच्या थुझार विंत ल्विन हिचा वेश वेगळा ठरतो. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली होती, आणि स्पर्धेच्या त्याच आठवड्यात चिन राज्यातील मिंदात शहरात लष्करी कायदा लागू झाला होता. तिच्यासाठी तयार केलेल्या पोशाखाचे सामान वाटेतच हरवल्यामुळे ऐनवेळी मिळवलेला चिन समाजाचा पारंपरिक वेश तिने घातला आणि ‘म्यानमारसाठी प्रार्थना करा’ असा इंग्रजी फलक हाती धरून ती मंचावर आली. पंख नव्हते, दिवे नव्हते, तरी त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय पोशाखाचा पुरस्कार तिलाच मिळाला. एका अल्पसंख्य समाजाचा, प्रत्यक्ष अंगावर वापरला जाणारा वेश त्या क्षणी देशाच्या नावाने पुकारला गेला आणि त्या समाजावर काय गुदरते आहे हेही सर्वांना कळले.

तात्पर्य, या फेरीतील वेश हा त्या देशाच्या वस्त्रपरंपरेचा पुरावा मानता येत नाही, कारण परक्या डोळ्यांनी आपल्याला कसे ओळखावे याविषयी त्या देशाने, किंवा त्याच्या वतीने काही मोजक्या मंडळींनी केलेली ती मांडणी असते. मांडणी म्हणून तिचे कौतुक अवश्य व्हावे. मात्र जेव्हा एखाद्या समाजाचे विणकाम, मुखवटे किंवा दागिने उचलून ती उभी केलेली असते, तेव्हा त्या समाजाला विचारले होते का, आणि टाळ्यांबरोबर येणाऱ्या नावलौकिकात व पैशात त्याच्या कारागिरांचा वाटा होता का, हे प्रश्न आयोजकांना विचारण्याचा हक्क प्रेक्षकांना आहे आणि तो त्यांनी बजावला पाहिजे.